कंपनीचा अहवाल आणि आपले येणे

कंपनीचा वार्षिक अहवाल ही शेअर बाजारवाल्यांनी वाचायची चीज आहे. कापड दुकानदाराचा, विणकराचा, शिंप्याचा किंवा जिनिंगवाल्याचा तिच्याशी काय संबंध, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. तीस वर्षांपूर्वी तो बराचसा खरा होता. त्या अहवालात अध्यक्षांचे भाषण, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लाभांशाचा आकडा एवढेच असे. आज तसे राहिलेले नाही. मोठ्या कंपन्यांना आता त्याच अहवालात लिहून द्यावे लागते की माल देणाऱ्यांचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले, लहान उत्पादकांकडून थेट किती माल घेतला, लहान गावांतल्या नोकरांना पगारापोटी किती रक्कम गेली, आणि माल पुरवणाऱ्यांच्या किती तक्रारी वर्षात आल्या. म्हणजे आपले नाव न घेता आपल्याविषयीच तेथे लिहिलेले असते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

हे लिखाण खरे उतरते की गुळगुळीत, हे कशावर ठरते? छपाई उत्तम, कागद गुळगुळीत, रंगीत फोटो भरपूर, यावर तर नक्कीच नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. कंपनीच्या आत खरेदी, उत्पादन, विक्री आणि हिशेब ही खाती एकमेकांशी बोलतात काय, ही पहिली. आणि ज्यांचा त्या कंपनीच्या कारभाराशी संबंध आहे ते बाहेरून तिला प्रश्न विचारतात काय, ही दुसरी. पहिलीला एकात्मिक विचार म्हणतात. दुसऱ्या गोष्टीतल्या लोकांना हितसंबंधी असा शब्द रूढ आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला त्यासाठी ‘हकदार’ हा शब्द लवकर सुचतो, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात नुसता संबंध नाही, मागण्याचा अधिकारही आहे.

हकदार कोण, हे समजायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. नांदेडची उस्मानशाही मिल निजाम काळातली. १९७४ च्या कायद्याने देशातल्या आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात ही मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. अशी गिरणी बंद पडते तेव्हा नुकसान केवळ मालकाचे किंवा सरकारचे होते काय? मजुराचे होते, त्याला उधारीवर किराणा देणाऱ्याचे होते, खानावळवाल्याचे, गाठी पोचवणाऱ्या गाडीवानाचे, सूत नेणाऱ्या विणकराचे, रुई देणाऱ्या जिनिंगवाल्याचे आणि कापूस पिकवणाऱ्याचेही होते. परंतु गिरणीच्या ताळेबंदात या लोकांना जागा कोठे असते? मजुराचा पगार खर्चात, जिनिंगवाला देण्यांत, बाकीचे कोठेच नाहीत. जुन्या पद्धतीच्या अहवालातली मोठी उणीव हीच होती.

आता एकात्मिक विचाराचे पाहू. शब्द जड आहे, पण गोष्ट लहान व्यापाऱ्याच्या रोजच्या अनुभवातली आहे. हदगावच्या बाजारात कापडाचे दुकान चालवणारा माणूस माल भरताना फक्त कापडाचा भाव पाहत नाही. पाऊस कसा झाला, कापसाला आणि सोयाबीनला काय भाव मिळाला, शेतकऱ्याच्या हातात पैसा दिवाळीपूर्वी येणार की नंतर, रमजान ईद यंदा लग्नसराईच्या आधी की नंतर, जुनी उधारी किती वसूल झाली, दुकानातला जुना गडी टिकणार की पुण्याला जाणार, सुरतच्या व्यापाऱ्याकडे आपला इतबार किती उरला, हे सगळे त्याच्या एकाच डोक्यात एकाच वेळी चालू असते. त्याला कोणी एकात्मिक विचार शिकवलेला नाही. दुकान एक, डोके एक, त्यामुळे तो आपोआप घडतो.

कंपनीत डोकी हजार असतात. खरेदी खात्याला माल स्वस्त आणल्याबद्दल शाबासकी मिळते, विक्री खात्याला माल महाग विकल्याबद्दल, आणि हिशेब खात्याला लोकांचे पैसे जितके दिवस थांबवता येतील तितके थांबवल्याबद्दल. तिघेही आपापल्या जागी हुशार, आणि तिघांच्या हुशारीची बेरीज कधी कधी घाटा. प्रत्येक खाते आपले पान लिहून पाठवते, छापणारा ती पाने एकत्र शिवतो आणि त्याला अहवाल म्हणतात. शिवलेला असतो, विणलेला नसतो. ताणा एका मागावर आणि बाणा दुसऱ्या मागावर ठेवला तर कापड होत नाही, हे विणकराला सांगायला नको.

ही उणीव दूर करण्याची खटपट प्रथम दक्षिण आफ्रिकेत झाली. तेथे न्यायमूर्ती मर्विन किंग यांच्या समितीने २००९ मध्ये कंपन्यांच्या कारभाराविषयी आपला तिसरा अहवाल दिला आणि २०१० पासून जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी पैशाचा हिशेब आणि समाज, कामगार, पाणी, जमीन यांचा हिशेब एकाच अहवालात द्यावा, न दिल्यास कारण सांगावे, असे ठरले. त्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेने या पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात भांडवल सहा प्रकारचे मानले आहे: पैसा, यंत्रे व इमारती, ज्ञान, माणसे, नाती व समाजातली पत, आणि निसर्ग. व्यापाऱ्याने याकडे किताबी गोष्ट म्हणून पाहू नये. पत हे भांडवल आहे हे आपल्या बाजाराला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ताळेबंदात त्याला रकाना नव्हता, इतकेच. आराखड्यात आणखी एक अट आहे, की वेगवेगळी माहिती एकमेकीशी जोडलेली दिसली पाहिजे. या अटीची गरज पुढे पडणार आहे.

भारतात सेबीने ६ फेब्रुवारी २०१७ रोजी परिपत्रक काढून बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना असा अहवाल ऐच्छिक स्वरूपात सुचवला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने त्याआधीच, २०१५-१६ चा आपला अहवाल या पद्धतीने काढला होता. परंतु अहवाल सुचवल्याने सुधारत नाहीत. धक्का बसल्यावर सुधारतात. आपल्या धंद्यातलाच एक दाखला आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

चादरीतला कापूस कोठला?

वेलस्पन इंडिया ही मुंबईत कार्यालय असलेली कंपनी. तिचे कारखाने गुजरातेत अंजार आणि वापी येथे आहेत. चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांत ती जगातल्या मोठ्या उत्पादकांत मोडते आणि तिचा बराच माल अमेरिकेतल्या साखळी दुकानांत जातो. १९ ऑगस्ट २०१६ रोजी टार्गेट या अमेरिकन साखळीने जाहीर केले की ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळात या कंपनीने इजिप्शियन कापसाच्या म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व अभ्रे इजिप्शियन कापसाचे नव्हते, आणि म्हणून आम्ही व्यवहार बंद करीत आहोत.

इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस महाग असतो. त्याची चादर मऊ, टिकाऊ, आणि पाकिटावर त्याचे नाव असले की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. आपल्या हदगाव-किनवट भागातला कापूस वाईट नाही, पण तो त्या जातीचा नाही, हे येथला कोणताही जिनिंगवाला बोटांनी ओढून सांगेल. मात्र सूत कातले, कापड विणले, धुऊन शुभ्र केले आणि शिवून पाकिटात घातले की मग नुसत्या हाताने कोण सांगणार? तेथे कागदच बोलतो. गाठीवरच्या चिठ्ठीपासून पाकिटापर्यंत कागदाची साखळी अखंड असेल तर माल खरा. मध्ये एक कडी तुटली की बाकीचे सगळे कागद निकामी.

पुढे काय घडले ते आकड्यांत पाहावे. २२ ऑगस्टला बाजार उघडल्यावर कंपनीचा शेअर वीस टक्के पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच, आणि आठवडा संपेपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. वॉलमार्टनेही त्या चादरींची विक्री थांबवून गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. कंपनीने पुरवठ्याच्या सर्व व्यवस्थेची तपासणी बाहेरच्या मोठ्या लेखापरीक्षण संस्थेकडे दिली आणि त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत नुकसानीपोटी सुमारे ५०० कोटी रुपयांची तरतूद करावी लागली. नफ्यात असलेली कंपनी त्या तिमाहीत तोट्यात गेली.

येथे विचार करण्याची गोष्ट ही, की कारखाने जागेवर होते, यंत्रे चालू होती, बँकेतला पैसा कोठे गेला नव्हता. गेली ती पत. सहा भांडवलांपैकी जे ताळेबंदात दिसत नाही तेच बुडाले आणि त्याने दिसणाऱ्या भांडवलाला खाली ओढले. नफा-तोट्याच्या पत्रकात सूत खरेदीची रक्कम असते. त्या सुताचा कापूस कोणत्या देशातला, याला तेथे जागा नसते. रक्कम बरोबर, बेरीज बरोबर, लेखापरीक्षकाची सही बरोबर, आणि तरीही वाचणाऱ्याला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज होती ती गोष्ट अहवालाच्या बाहेर राहू शकते. खरेदी खात्याचा कागद आणि विक्री खात्याचे पाकीट एकमेकांसमोर ठेवून पाहणारा कोणी हवा असतो, तेव्हाच ही तफावत आतल्या आत पकडली जाते. नाहीतर बाहेरचा पकडतो, आणि तो किंमत वसूल करून पकडतो.

यानंतर कंपनीने शेतापासून दुकानाच्या फळीपर्यंत मालाचा माग ठेवणारी ‘वेल-ट्रॅक’ नावाची पद्धत २०१७ मध्ये आणली, आणि पुढच्या वर्षांत तिचे अहवालही एकात्मिक पद्धतीने निघू लागले. २०२३ अखेर कंपनीचे नाव वेलस्पन लिव्हिंग झाले. जो प्रश्न एका गिऱ्हाइकाने विचारला, त्याचे उत्तर देण्यासाठी आतली खाती एका धाग्यात ओवावी लागली, आणि मग ते अहवालात आले. प्रश्न आधी, विचार नंतर, अहवाल शेवटी. माझ्या मते अहवालाचा दर्जा सुधारण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी हाच असतो. कंपन्यांचे सल्लागार तो उलटा सांगतात, कारण त्यांचा धंदा अहवाल लिहून देण्याचा असतो.

पण हेही कबूल केले पाहिजे की तो प्रश्न टार्गेटने विचारला म्हणून ऐकला गेला. माल घेणारा एवढा मोठा असला की कंपनी आठवड्यात हलते. हकदार लहान आणि विखुरलेले असले म्हणजे काय होते, त्याचा दाखला मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत मिळतो. तिच्या मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ थकीत कर्जे ३.७६ टक्के दाखवली होती. चांगल्या बँकेला शोभेल असा आकडा. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती तयार केल्याचे तपासात पुढे आले. खातेदार नऊ लाखांच्या वर होते, त्यांत छोटे दुकानदार, रिक्षावाले, निवृत्त माणसे. एवढे हकदार, पण प्रत्येकजण एकटा, आणि सर्वसाधारण सभेत अहवालाची पाने उलटून प्रश्न विचारणे ही आपली रीत नाही. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवी असलेल्यांना पैशासाठी वर्षांचे हप्ते पडले. आपल्याकडे पतसंस्था आणि नागरी बँका गावोगाव आहेत. त्यांचा अहवाल सभेपूर्वी सभासदांसाठी निघतो, आणि बहुतेकांच्या घरी तो वह्यांना कव्हर घालण्याच्या कामी येतो.

एकाच अहवालातली तीन पाने

आता आपल्या कामाचे. मोठ्या गिरणीला, तयार कपड्यांच्या कंपनीला किंवा साखळी दुकानाला माल देणारा विणकर, प्रोसेसवाला, शिवणकाम करणारा कारखानदार याने त्या कंपनीच्या अहवालातली तीन ठिकाणे पाहावीत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल तिच्या संकेतस्थळावर आणि मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मुलाकडून किंवा नातवाकडून मोबाइलवर उतरवून घ्यावा.

पहिले ठिकाण हिशेबाच्या टिपांत असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम २२ प्रमाणे कंपनीने वर्षअखेर सूक्ष्म व लघु उद्योगांचे किती मुद्दल आणि किती व्याज देणे राहिले ते लिहावेच लागते. याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत टळली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजाची जबाबदारी येते. (व्याज कोणी घ्यावे, न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न आहे, ते देणे कंपनीला अहवालात दाखवावे लागते, हा मुद्दा वेगळा आणि मुद्दल लवकर सुटण्यासाठी उपयोगाचा आहे.) शिवाय २०२१ पासून देण्यांचे वयही द्यावे लागते: एक वर्षाच्या आतले किती, एक ते दोन वर्षांचे किती, दोन ते तीनचे किती, तीनच्या वरचे किती, आणि त्यांत वादातले किती. लहान उद्योगांचे वेगळे, इतरांचे वेगळे.

दुसरे ठिकाण म्हणजे बीआरएसआर नावाचा भाग, अर्थात व्यवसायाच्या जबाबदारीचा अहवाल. सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने तो आणला आणि २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा केला. १२ जुलै २०२३ रोजी त्यातल्या काही निवडक बाबी बाहेरच्या माणसाकडून तपासून घेण्याचे ठरले, पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने. या निवडक बाबींत पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले हा आकडा आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा कंपनीची वर्षाची खरेदी ७३० कोटींची आणि वर्षअखेर देणे १२० कोटींचे. १२० ला ३६५ ने गुणून ७३० ने भागले की ६० येतात. म्हणजे सरासरी साठ दिवस. त्याच ठिकाणी खरेदी-विक्रीपैकी किती व्यवहार व्यापारी पेढ्यांशी, किती विक्रेत्यांशी आणि किती आपल्याच नात्यातल्या कंपन्यांशी झाला, हेही सापडते. तालुक्याच्या गावी एजन्सी घेणाऱ्याने हा आकडा दोन-तीन वर्षांचा लावून पाहिला तर कंपनी विक्रेत्यांवर उभी आहे की त्यांना हळूहळू बाजूला करीत आहे, हे त्याला कंपनीच्या माणसाने सांगण्यापूर्वी समजेल.

तिसरे ठिकाण अध्यक्षांचे पत्र. त्यात बहुधा लिहिलेले असते की पुरवठादार हे आमचे भागीदार आहेत, आम्ही सर्वांना बरोबर घेऊन चालतो, वगैरे.

आता तिन्ही पाने शेजारी ठेवावीत. पत्रात भागीदारी, बीआरएसआरमध्ये सरासरी ११० दिवस, आणि टिपेत लहान उद्योगांचे थकलेले देणे शून्य, असे दिसले तर समजावे की ही पाने तीन वेगवेगळ्या टेबलांवर लिहिली गेली आणि ती एकत्र करून कोणी वाचली नाहीत. माहिती एकमेकीशी जोडलेली असावी, ही जी अट वर सांगितली, तिची परीक्षा शेअरचे गणित न येणारा माणूसही अशी घेऊ शकतो. अर्थात सरासरी फसवी असते. मोठ्या रसायन कंपनीचे पैसे दहा दिवसांत आणि शिवणकामवाल्याचे शंभर दिवसांत दिले तरी सरासरी गोड दिसू शकते. म्हणून एकट्या सरासरीवर विसंबू नये, वयाचा तक्ता तिच्या जोडीला घ्यावा.

टिपेतला शून्य मात्र नेहमी कंपनीच्या लबाडीतून येतो असे नाही, आणि हे कडू असले तरी सांगितले पाहिजे. टिपेखाली बारीक अक्षरात अनेकदा एक वाक्य असते, की पुरवठादारांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे हे आकडे दिले आहेत. ज्या विणकराने उद्यम नोंदणी केलेली नाही, किंवा केली पण बिलावर तिचा क्रमांक छापलेला नाही, त्याचे येणे कंपनी सरळ ‘इतर’ या रकान्यात टाकते. त्याचे पैसे दोनशे दिवस थांबले तरी लहान उद्योगांच्या रकान्यात शून्यच राहतो, आणि तो शून्य कायद्याने चुकीचाही ठरत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागवाल्यांत तोंडी सौद्यावर माल पाठवणारे कमी नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीत अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटीपर्यंत उलाढाल असलेला सूक्ष्म, पंचवीस कोटी व शंभर कोटीपर्यंतचा लघु. आपल्या ओळखीतले बहुतेक कारखानदार यात बसतात.

दुकानदारांना मात्र यात एक अडचण आहे. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, आम्हा खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. मधल्या व्यापाऱ्याची अवस्था अशी, की मागवाल्याला मुदतीत द्यायचे आणि गिऱ्हाइकाकडून मुदतीनंतर घ्यायचे.

२०२३ च्या वित्त कायद्याने यावर आणखी एक खिळा ठोकला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येईल, अशी तरतूद त्या वेळच्या आयकर कायद्यात कलम ४३ ब मध्ये झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्या वर्षाच्या आरंभी सुरत आणि इतर कापड बाजारांत काय गोंधळ उडाला तो अनेकांना आठवत असेल. ऑर्डरी थांबल्या, माल परत गेला, आणि नोंदणी रद्द कराल तरच माल घेऊ असे मागवाल्यांना सांगणारे खरेदीदारही निघाले. कायदा लहान माणसाच्या बाजूने, आणि लहान माणूस तो नको म्हणतो, असा उलटा प्रकार. माझे म्हणणे असे की नोंदणी रद्द करणे म्हणजे आपले येणे अहवालातून आपल्याच हाताने पुसणे होय. एक गिऱ्हाईक टिकवण्यासाठी ते करावेसे वाटते हे मी समजू शकतो. पण असे शंभर जणांनी केले की त्या खरेदीदाराची टिप स्वच्छ होते आणि पुढच्या वर्षी त्याला मुदत लांबवायला कोणाचीही आडकाठी राहत नाही.

बीआरएसआरमध्ये सुरुवातीलाच तक्रारींचा एक तक्ता असतो. गुंतवणूकदार, नोकर, गिऱ्हाईक, आसपासचे लोक आणि पुरवठा साखळीतले भागीदार, अशा प्रत्येकाच्या वर्षात किती तक्रारी आल्या आणि वर्षअखेर किती शिल्लक राहिल्या, हे कंपनीने लिहायचे असते. तक्रार कोठे करावी ते ठिकाणही तेथेच द्यायचे असते. साखळीतल्या भागीदारांसमोर शून्य लिहिलेला असेल तर कंपनीला दोष देण्यापूर्वी आपण काय केले ते पाहावे. आपण एजंटला फोन केला, एजंटने साहेबाला सांगितले, साहेब पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाला. ही तक्रार नव्हे. ती कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

पुरवठादारांपर्यंत ही विचारपूस पोचवण्याचा सेबीचा एक बेत होता, की कंपनीच्या खरेदी-विक्रीत दोन टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या भागीदारांचीही माहिती मोठ्या कंपन्यांनी द्यावी. मार्च २०२५ मध्ये तो पुढे ढकलून पहिल्या २५० कंपन्यांसाठी २०२५-२६ पासून ऐच्छिक करण्यात आला. दोन टक्क्यांची अट असल्यामुळे एकटा मागवाला त्यात तसाही येत नाही. त्याच्यासाठी तक्रारीचा तक्ता हाच रस्ता आहे, आणि पैसे अडलेच तर कायद्याने नेमलेली सुविधा परिषद, जिच्याकडे अर्ज ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘समाधान’ या सरकारी संकेतस्थळावरून करण्याची सोय झाली.

अर्ज साधा असावा. बिलाचा क्रमांक व तारीख, माल पोचल्याची तारीख आणि चलनावरची सही, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी, उद्यम क्रमांक, आणि आज किती दिवस झाले तो आकडा. अहवालात दिलेल्या तक्रारीच्या पत्त्यावर तो पाठवावा, पोच मागावी, आणि पोच बिलाबरोबर फाइलला लावावी. पुढच्या वर्षीचा अहवाल निघाला की त्या तक्त्यातला आकडा शून्याचा एक झाला की नाही, ते पाहावे.